बाहेरच्या कड्यावरचा दाना

माह्या पोरीच्या नाकात लाखोरीचा, वाटान्यावानी कडधान्याचा, दाना फसला होता, माहा जीव जाऊन रायला होता, आन् समोरच्या घरचे सर खाली वाकून मले इचारून रायले होते, "बेटा, कोन्या कड्यावरचा उचलला हिनं? आतल्या का बाहेरल्या?" आता सांगा. अख्ख्या मोहाडीत यायच्यापेक्षा जास्त डोकं उठवनारा मानूस तुमी दाखवून द्या, मी कबूल करन.

हे सर हायस्कूलात विज्ञान शिकवायचे. रिटायर झाले, शाळा सुटली, पन डोक्यातले अनु काई सुटले नाई. रोज सकाळी आपल्या अंगनात सडा टाकतेत, मधात शेनाचा गोळा ठेवतेत, त्याच्या भोवताल रांगोळीचे गोल कडे काढतेत आन् त्या कड्याइवर लाखोरीचे दाने मांडतेत. दाना म्हंजे इलेक्ट्रॉन. आतल्या कड्यात दोन, त्याच्या बाहेर आठ, मंग उरले ते आनखी बाहेर. बाया दारात फुलं काढतेत, हे सोडियम काढतेत. आन् काढून गुमान बसतीन तं नाई. येनाऱ्या-जानाऱ्याले धरून सांगतेत का बाहेरच्या कड्यात आठ भरले का अनु सुखी, नाई भरले का तो मागत फिरते, नाई तं देत फिरते. दूधवाला आता मागच्या गल्लीनं येते.

मी दहावीत विज्ञानातच नापास झाली, हे त्यायले कोनी सांगतलं कोन जाने, तवापासून माह्या मागंच लागले. सरची बाई वारली, पोरगा पुन्याले, म्हनून दुपारचं वरन आमच्याकडून जाते. एक दिवस मीठ जास्त पडलं. आमचे हे तसंच जेवून गेले, पन सर वाटी घेऊन दारात हजर. म्हने, सोडियमपाशी बाहेर एकच होता, तो त्यानं क्लोरीनले देऊन टाकला, म्हनून मीठ झालं, देन्याघेन्यातून झालं. मी म्हनलं, सर, माह्या हातून झालं. आमच्या दोघाइत एकच मोबाईल, त्याच्यावरून भांडन झालं तं सर धावत आले. मले वाटलं समजूत घालतीन. म्हने, दोघंबी धरून हायेत, दोघंबी सोडत नाई, यालेच सहसंयुज बंध म्हनतेत. आमचे हे हसले, मले आनखी राग आला. माह्या सासूबाईले तं तोंडावर निऑन म्हनलं, कोनाले देनं नाई, कोनाचं घेनं नाई. सासूबाईनं वरन बंद केलं. मंग सरनं सांगतलं का निऑन राजवायू हाये, तवा वरन सुरू झालं, वरून लोनचं बी.

तं त्या दिवशी सोडियम मांडला होता. आमचे हे गाडी घेऊन भंडाऱ्याले गेलेले, सासूबाई आंघोळीले. माही पिहू, अजून धड बोलता येत नाई, ते सरच्या अंगनात खेळून रायली होती. एकदम रडली. पाहतो तं दाना नाकात. ओला झाला का फुगते, वर गेला तं श्वास बंद, मले काईच सुचेना. मी केसातली पिन काढली, नाकात घालनार, तं सर पहिल्यांदाच माह्यावर ओरडले, पिन फेक म्हनून. आन् मंग दाने मोजाले बसले. मी रडून रायली आन् हा मानूस मोजून रायला. म्हने, अकरा होते, दहा हायेत, बाहेरलाच गेला, एकच गेला, पोटात काई नाई. "आता तिची दुसरी नाकपुडी दाब, तोंडावर तोंड ठेव आन् फूक मार." मले वाटलं याचं पुरंच फिरलं. "मार बेटा. माह्या पोरानं बी असंच केलं होतं. त्याच्या मायनं असाच काढला."

मी फूक मारली. दाना शेंबडासंग उडाला तो सरच्या सदऱ्यावर.

मी पोरीले छातीशी धरून तेथंच बसली. सरनं दाना धुतला, जागेवर ठेवाले वाकले, पन दोनदा दाना कड्याच्या बाहेरच पडला. तेवढ्यात सासूबाई ओल्या केसानं आल्या, सारं आयकलं, आन् खराट्यानं अख्खा सोडियम नालीत लोटला. म्हनल्या, "गुरुजी, उद्यापासून एक दाना दिसला तं पाहा."

दुसऱ्या दिवशी सडा नाई, रांगोळी नाई, दार लावलेलं. वरनाची वाटी भरलीच्या भरली परत. दूधवाला पुढून आला. मले वाटलं, सुटली बाई. पन पिहू उठली का त्या कोऱ्या अंगनात जाऊन बसे आन् हात पुढं करे. आन् मले बी, डोकं उठवाले कोनी नाई तं दिवस सरता सरेना.

म्हनून आज सासूबाई उठाच्या आंधी मीच तेथं सडा टाकला, शेनाचा गोळा ठेवला, कडे काढले. दाने नाई ठेवले. घरी भाजीले आनलेले वांगे ठेवले, कोनाच्याच नाकात न जानारे. दोन, आठ, आन् बाहेर एक. सरनं दार उघडलं. वाकून वांगे मोजले. माहे कडे वाकडेतिकडे, मले वाटलं आता चूक काढतेत. त्यायनं बाहेरलं वांगं उचललं आन् पिहूच्या हातात देलं.

"घे," म्हनले. "हा द्यायचाच असते."

आता सासूबाई घरात वांगे शोधून रायल्या, मले हाका मारून रायल्या. सर अंगनात बसून दूधवाल्याची वाट पाहून रायले. पिहू आपलं वांगं काई सोडत नाई. तुमीच सांगा, माह्या जागी तुमी असत्या तं काय केलं असतं?