एका वेळी एकच खण

पोलादपूरचा माणूस चार वर्षं मुंबईत नोकरी करून परत आला की त्याच्या तोंडात दोन गोष्टी जास्तीच्या असतात: हिंदी आणि शहाणपणा. माझ्या तोंडात दोन्ही होत्या. महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंपन्यांना सर्व्हर बसवून द्यायचं काम मी सुरू केलं, आणि मशीन बसवण्यापेक्षा ते समजावून सांगण्यातच मला जास्त गोडी वाटू लागली.

एका औषधांच्या कारखान्यात नवीन स्टोरेज बसवायचं होतं. म्हणजे आठ डिस्कची एक पेटी, प्रत्येक डिस्क आपल्या खणात. कारखान्यातले सगळे सर्व्हर नेटवर्कवरून आपली माहिती त्या पेटीत ठेवणार. औषधाच्या प्रत्येक बॅचचा तपासणी अहवालही त्यातच. अहवाल नसेल तर माल गेटबाहेर जात नाही. खंडेनवमीच्या तीन दिवस आधी मी जुन्या पेटीतलं सगळं नव्या पेटीत उतरवलं, सर्व्हर जोडले आणि एक व्याख्यान दिलं. श्रोते दोनच. कारखान्याचे मॅनेजर साहेब, आणि फरशी पुसणाऱ्या मावशी.

“यातला एक खण चालू मशीनमधून बाहेर काढला ना, तरी काही बिघडत नाही,” मी म्हणालो, आणि खरंच एक खण ओढून दाखवला. साहेबांनी मान डोलावली. मावशी हातातलं फडकं थांबवून बघत राहिल्या. इतक्या मन लावून माझं कुणी ऐकलं नव्हतं, घरी तर नाहीच.

खण परत बसवल्यावर त्यातली माहिती जुळवून घ्यायला पेटीला काही तास लागतात, तोवर दुसऱ्या खणाला हात लावायचा नसतो, हे मात्र मी सांगितलं नाही. त्यात वाहवा मिळण्यासारखं काही नव्हतं. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, ते काही उगाच नाही.

मावशी उमरठच्या. कंपनीच्या बसने यायच्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीवर चालायचं. नोकरी कंत्राटी, आज आहे तर उद्या नाही. त्याच दिवशी मी त्यांच्यावर चिडलोही होतो. जुनी पेटी मी कोपऱ्यात जमिनीवर ठेवली होती. जेवणानंतर तिच्यातली माहिती पुसून ती कोरी करणार होतो. जेवून आलो तर पेटी गायब. मावशींनी ती वरच्या मजल्यावर रद्दीच्या खोलीत, फळीवर चढवून ठेवली होती.

“खाली कशाला ठेवायची? पाणी आला म्हंजे?”

“मावशी, पाऊस संपत आलाय!”

“पाणी तुला विचारून येनार हाय काय रे?”

पूर पाहिलेल्या महाडात नोकरी करणाऱ्या माणसाशी या विषयावर वाद घालू नये. मी कपाळाला हात लावला आणि ते काम दसऱ्यानंतर बघू म्हणून सोडून दिलं.

खंडेनवमीला कारखान्यातलं प्रत्येक यंत्र पुसून त्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ वाहतात. आमच्या बौद्ध घरात ही पूजा नसते. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. त्यामुळे माझ्या पेटीवरही फडकं फिरणार हे माझ्या डोक्यातच आलं नाही. साहेबांचा फोन आला तेव्हा मी उद्याच्या सदऱ्याला इस्त्री करत होतो.

कारखान्यात पोहोचलो तर पेटीला माळ होती. आठही खणांच्या दांडीवर कुंकवाचं बोट होतं, नेमकं मधोमध. आठही दिवे नारिंगी झाले होते आणि सगळे सर्व्हर बंद पडले होते. पेटीने आपली नोंद ठेवली होती. एक खण बाहेर, पुसून आत, मग दुसरा. एका वेळी एकच. अगदी मी सांगितलं होतं तसंच.

“कुणी सांगितलं तुम्हाला हे खण उपसायला?” साहेब मावशींवर कडाडले. “उद्यापासून येऊ नका!”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. “कोणी नाय सांगितला. माझीच चूक.”

मला सुटल्यासारखं वाटलं. घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ मी गप्प बसलो, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

“साहेब, मी सांगितलं होतं,” मग मी म्हणालो. “तुमच्यासमोर. यांनी ऐकलं, एवढंच.”

साहेबांना आपण डोलावलेली मानही आठवली असावी, कारण आवाज एकदम उतरला. “बरं, मावशींचं राहू दे. अहवालांचं काय?”

नव्या पेटीतल्या माहितीची दुसरी प्रतही मी दसऱ्यानंतरच करणार होतो.

“ती वरची पेटी हाय ना,” मावशी हळूच म्हणाल्या. “तिच्यात नसंल काय?”

मी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढलो. फळीवर पेटी होती, वर प्लॅस्टिकसुद्धा घातलेलं. सगळे जुने अहवाल जसेच्या तसे मिळाले. मधल्या तीन दिवसांचे प्रयोगशाळेने कागदांवरून पुन्हा भरले.

मावशी अजून तिथेच आहेत. दर खंडेनवमीला मी स्वतः जातो. मावशी माझ्या हातात फडकं देतात आणि मागे उभ्या राहतात.

“तूच पूस रे. पन समजावून नको सांगू.”