बबलूच्या अंगणाची रेघ

त्या दिवशी तांडा पांढराशुभ्र उजाडला. शेलूबाजारच्या वरच्या अंगाला, माळावर वसलेल्या त्या वस्तीत बायाबापड्या चुन्याची घमेली घेऊन धावत होत्या. ड्रोन येणार होतं! ते आभाळातून घरांचे फोटो घेणार, फोटोवरून नकाशा होणार आणि चुन्याच्या रेघेत जे घर, त्याचा कागद मालकाच्या नावानं निघणार. पिढ्या मातीत गेल्या, पण घर आपलं असल्याचा कागद इथं कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

या सगळ्या गलबल्यात रंजीता उभी होती. केनवडकडच्या तांड्यातली, ऊसतोड्याची पोर. एका साली बाप कारखान्यावरून परतला, तर शेजाऱ्याचा गोठा त्याच्या अंगणात येऊन बसलेला. बापानं भांडण सोडून दिलं. पोरीनं मात्र ते मनात जपलं. बारावी झाली तशी तिनं आयटीआयला सर्वेक्षकाचा ट्रेड धरला. मैत्रिणी हसल्या, "उनातानात पट्टी धरून काळी होशीन व!" महामार्गाच्या कामावर तिनं आधी पट्टीच धरली, मग मोजणीचं यंत्र हाती आलं, मग परीक्षा दिली आणि ती सरकारची भूकरमापक झाली. जमीन मोजणारी. अख्खी वस्ती एकटीच्या भरवशावर मोजायची, ती आज पहिल्यांदाच.

"बाई, आमाले चुना लावालेच आली ना तू?" तांड्याचे नायक मदनसिंग म्हणाले, तशी माणसं खदखदली.

"लावते ना, नायक! पन सरळ रेघेत लावते."

हसतहसत ती खालच्या टोकाला आली आणि थबकली. बबलूच्या दाराला कुलूप होतं. नवराबायको ऊस तोडायला गेलेली. शेजारच्या लालसिंगनं आपली रेघ थेट बबलूच्या भिंतीला नेऊन टेकवली होती. मधलं सारं अंगण त्याच्या रेघेत.

"लालसिंगभाऊ, हे काय करून राह्यले?"

"माहा कडबा हाये न तिथं! मालक हजर नाई, तं वाद कायचा?"

फोटो असाच निघाला तर बबलूच्या नशिबी कचेरीचे हेलपाटे. तिकडून ड्रोनवाला धीरज ओरडत होता, "मॅडम, वारा वाढून राह्यला! आता नाई उडवलं तं आज उडत नाई!"

"थांब! मी हात केल्याशिवाय उडवू नको!"

बबलूला फोन लावायचा, तर रेंज फक्त वरच्या देवळाच्या ओट्यावर. तांड्यात सगळ्यात खणखणीत गळा धुरपताबाईचा. म्हातारी फोन घेऊन ओट्यावर चढली.

"बबल्या, तुयं अंगन कुठलोक हाये रे?"

फोनवर बबलूची बायकोच बोलली. ऐकताऐकता म्हातारीचे डोळे चमकले. साऱ्या माळाला ऐकू जाईल असं ती गरजली, "लालसिंग! बबल्याची बायको इचारून राह्यली, तिच्या अंगनाच्या कडेले न्हानीचा दगड कोनं बसवला होता?"

लालसिंग मान खाजवू लागला.

"म्याच बसवला... भाऊजी म्हनते ना ते मले."

"मंग दगड कुठी हाये?"

लालसिंगनं कडब्याकडे पाहिलं. बस्स! बाया पदर खोचून तुटून पडल्या. पेंढ्या उडाल्या, धूळ उडाली आणि खाली रुंद काळा दगड निघाला. साबणाचे डाग अजून त्यावर होते.

"कडबा लय चालाख हाये बावा तुहा!" नायक म्हणाले.

लालसिंग कानापर्यंत लाल झाला, मग स्वतःच फिस्सकन हसला. "द्या इकडे ते घमेलं. माह्या हातचा दगड हाये, रेघबी मीच मारतो." त्यानं पायानं जुनी रेघ पुसली आणि दगडाच्या पलीकडून, वाकून, हळूहळू नवी ओढली. रंजीता फीत धरून मागेमागे चालली. रेघ भिंतीच्या कोपऱ्याला मिळाली, तसा तिनं हात उंच केला.

ड्रोन भुणभुणत उठलं. कोंबड्या पळाल्या, कुत्री भुंकली, माणसं माना वर करून ओरडली. रंजीता धीरजच्या स्क्रीनवर वाकली. तांडा लहान लहान होत गेला, आणि खालच्या टोकाला एक कुलूपबंद घर आपलं अंगण घेऊन लख्ख उमटलं.

"दिसलं वो!" ती ओट्याकडे ओरडली.

वरून म्हातारीचा आवाज आला, "बबल्या इचारते, किती दिसते?"

रंजीतानं दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि आपल्या बापालाही केनवडला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली, "पुरं दिसते!"