गरम हाताची बाई

थंडी पडली की अख्खी गल्ली रजईत शिरायची आणि सुईताईची सायकल बाहेर निघायची. सुईताई म्हणजे लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त घेणारी बाई. उपाशीपोटी तपासणीवाल्यांकडे सकाळी सहापासून जायचं, नमुने थंड डब्यात ठेवायचे आणि आठच्या आत लॅबमध्ये टेकवायचे. निघण्याआधी ती अंगठ्याने दोन्ही टायर दाबून बघे, चेनला तेलाचे दोन थेंब पाजे. सासूबाई दारातून ओरडत, "अगं, कानटोपी! कान गळून पडले तर मी ओरडू कुणाच्या कानात?"

सायकल तिच्या इतकी अंगात भिनलेली, की सुई टोचतानाही तोंडून निघे, "हलू नका हं, एकच बारीक पंक्चर." माणूस हसेपर्यंत सुई आत जाऊन बाहेरही आलेली असे. नऊ हिवाळ्यांत तिने कुणालाही दुसरं पंक्चर केलं नव्हतं. हे ती विचारल्याशिवाय सांगायची, आणि विचारलं तर दोनदा सांगायची.

यंदा लॅबच्या डॉक्टरांनी तिच्यापुढे स्कूटरची किल्ली नाचवली. डॉक्टर बोलायला निघतात, पण पोचत कुठेच नाहीत.

"काय आहे ना ताई, सायकल म्हणजे... काय आहे ना, लॅब आता मोठी झाली. जरा शोभेचं पण..."

"मला कधी उशीर झालाय का साहेब?"

"छे छे! पण काय आहे ना, आठवडाभर चालवून बघा. जमलं की सायकल कायमची बंद."

शेवटचं वाक्य मात्र बरोबर पोचलं. सुईताईने किल्ली उचलली.

पहिल्याच सकाळी ती वीस मिनिटं लवकर पोचली शिंपीकाकांकडे. काकांना डोळ्यांनी दिसेनासं झालेलं, त्यात जन्मभर सुईशी संसार करूनही सुईची भीती. त्यांची शीर म्हणजे लपंडावातली बिलंदर पोर. सुईताईच्या बोटांनाच तेवढी सापडायची. आज बोटं फिरली, फिरली, शीर काही हाताला लागेना. टोचलं, रक्त नाही. पुन्हा टोचलं तेव्हा आलं. काका ओठ दाबून बसले.

जिन्यात येऊन तिने कपाळाला हात लावला आणि दचकलीच. हात होता की बर्फाची लादी! सायकलवर काकांच्या घराआधी दोन चढ लागायचे. पॅडल मारून मारून अंग तापायचं आणि बोटं भाकरीच्या तव्यासारखी ऊन व्हायची. स्कूटरवर नुसतं बसून वारा खायचा.

लॅबमध्ये जाऊन तिने हे सांगितलं.

"काय आहे ना, हातमोजे घाला," डॉक्टर म्हणाले.

"घातलेच होते."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. डॉक्टरांनी उचलला, पण काकांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"आमची सायकलवाली बाई कुठाय? आज कोण पाठवलीत, बर्फाच्या कारखान्यातली? दुहेरी शिलाई घातली हो माझ्या हाताला!"

"काय आहे ना काका, त्याच ताई होत्या."

"मला शिकवता? डोळे गेलेत, कातडी शाबूत आहे. चाळीस वर्षं हाताने कापड ओळखलंय मी. आवाज तिचा होता, हात तिचा नव्हता!"

सुईताईला गप्प बसता आलं असतं. पण ती फोनवर वाकली. "काका, मीच होते. दोनदा टोचलं, चुकलं माझं."

पलीकडे काकांचा आवाज एकदम खाली आला.

"मग तुझी सायकल कुणी चोरली का गं?"

सुईताईने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी खिडकीकडे पाहिलं. तिने किल्ली टेबलावर ठेवली, आणि ती उचलून परत द्यायचं धाडस डॉक्टरांना काही झालं नाही.

पुढच्या सोमवारी डॉक्टरांना स्वतःचीच साखर तपासायची होती. बाही वर सरकवून ते खुर्चीत बसले, तिने हात पुढे केला, तसे ते घाईने म्हणाले, "थांबा, थांबा ताई. काय आहे ना... आधी जरा दोन फेऱ्या मारून येता का?"

मग अख्ख्या लॅबच्या देखत सुईताईने अंगणात दोन नाही, चांगल्या पाच फेऱ्या मारल्या. प्रत्येक वळणावर घंटी वाजवून.