वॉटरफोर्डचं तळं आणि डोहाळ्यांचा मासा

माशाचा वास आला की खिडकी उघडणाऱ्या माणसाने मासेमारीच्या सहलीवर लिहू नये, असं माझ्या बायकोचं, म्हणजे मंजिरीचं, मत आहे. पण या ब्लॉगवर मी आजवर ज्या विषयांवर लिहिलं, त्यातल्या निम्म्यांतलं मला काही कळत नव्हतं आणि तुम्ही ते गोड मानून घेतलंत. तेव्हा हेही घ्या.

मंजिरीला आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही आपल्याकडची रीत, पण सासूबाई आता नाहीत आणि या दिवसांत एवढा विमानप्रवास नको, असं डॉक्टरांचं म्हणणं. तेव्हा "पोरगी म्हायेराला येत न्हाई, तर म्हायेर तिच्याकडं जाईल" असं जाहीर करून माझे सासरे भिगवणहून थेट डब्लिनला आले. एक बॅग कपड्यांची, एक डिंकाच्या लाडवांची. आम्ही सगळेच त्यांना अण्णा म्हणतो. एसटीत ड्रायव्हर होते. घर उजनीच्या पाण्याकाठी, त्यामुळे सुट्टीचा दिवस गळ टाकून बसण्यात गेलेला.

पण आमच्या सिटीवेस्टच्या फ्लॅटमध्ये माहेराला काही कामच उरलं नव्हतं. भांडी मशीन घासतं, किराणा दारात येतो, दवाखान्याची तारीख फोन सांगतो. मी चेरीवूडला ऑफिसात, मंजिरी कानाला हेडफोन लावून घरूनच कामात. अण्णा खिडकीत बसून येणारी-जाणारी लुआस, म्हणजे इथली ट्रॅम, बघायचे आणि ट्रॅमच्या ड्रायव्हरला वळणावर काही अक्कल आहे का, यावर स्वतःशीच बोलायचे. शेवटी एका रात्री जेवताना म्हणाले, "जावईबापू, म्हायेर म्हणून आलो आन् पाव्हना झालो. तिकीट अलीकडं घ्या."

मंजिरीचा घास तिथेच थांबला. तिला बाळ होईपर्यंत वडील हवे होते, आणि ते तोंडाने सांगायची या घराण्यात पद्धत नाही. बापही सांगत नाही, लेकही सांगत नाही. मग ती भलतंच बोलली. म्हणाली, "मला आई करायची तसं गोड्या पाण्यातल्या माशाचं कालवण खावंसं वाटतंय."

अण्णा ताठ बसले. मी सुपरमार्केटातला सॅमन सुचवून पाहिला. दोघांनीही माझ्याकडे, एखाद्याने पुरणपोळीला केक म्हणावं तसं पाहिलं.

"डोहाळं म्हायेरानं पुरवायचं असत्यात," अण्णा म्हणाले. "एक मासा माझ्या हातानं धरतो, लेकीला करून घालतो. तेवढं काम झालं की मी मोकळा. मग तिकीट बदला."

रात्री मंजिरीने मला परिस्थिती समजावली. मासा मिळाला तर अण्णा जाणार. नाही मिळाला तर डोहाळे राहणार. "मला दोन्ही पाहिजे," ती म्हणाली. "कसं ते तू बघ."

मी वॉटरफोर्डला निलेशला फोन केला. निलेश माझा कॉलेजातला मित्र, तिकडे मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात इंजिनियर आहे. त्याच्यासोबत काम करणारा डोनल नावाचा गृहस्थ एका अँगलिंग क्लबचा, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांच्या मंडळाचा, जुना सभासद निघाला. त्यांचं तळं गावाबाहेर, पूर्वी पाणीपुरवठ्यासाठी अडवलेलं. इथला मोठा सण, पॅट्रिक्स डे, यंदा सोमवारी येत होता, म्हणजे सलग सुट्टी. बेत ठरला. तळ्याचं नाव मी देणार नाही. डोनलने परमिटच्या आधी तेवढंच वचन घेतलं होतं. मासे धरणारे लोक आयुष्यात सगळं सांगतात, जागा सांगत नाहीत, हे मला तिथे कळलं.

रविवारी दुपारी मी आणि अण्णा निघालो. मंजिरी घरीच राहिली, शेजारीण सोबतीला होती. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: सिटीवेस्टहून एन सेव्हन, नासनंतर एम नाइन, आणि मग सरळ वॉटरफोर्ड. दोन तासांच्या आत पोचता, वाटेत टोल लागत नाही. रस्ता इतका गुळगुळीत की अण्णांना तो आवडेना. "ना खड्डा, ना हॉर्न, ना म्हस आडवी येत. ड्रायव्हर झोपंल की," म्हणाले, आणि मला झोप लागू नये म्हणून कार्लोपर्यंत एसटीच्या ब्रेक फेल होण्याच्या कथा सांगत राहिले. झोप काही लागली नाही. नंतरही बराच वेळ लागली नाही.

गाडीच्या डिकीत काय होतं ते सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. एक आइस बॉक्स. घरून भाजून आणलेलं कांदा-खोबऱ्याचं वाटण, म्हणजे मासा मिळाला की निलेशच्या गॅसवर कालवण करून ते घरी नेता येईल. आणि एक डबा कणकेचा. अण्णांनी पहाटे उठून कणीक मळली होती, त्यात शेंगदाण्याची पेंड नाही म्हणून पीनट बटर, आणि वर मूठभर म्हणावा इतका हिंग. उजनीत याला रोहू नाही म्हणत नाही. गाडीला मात्र अजून तो वास आहे.

सोमवारी सकाळी निलेशने वॉटरफोर्डचा खास ब्ला खायला घातला. मऊ, पिठी भुरभुरलेला, आत अंडं. अण्णांनी उलटून-पालटून पाहिला आणि "पाव हाय की" म्हणून निकाल दिला. सोमवार असल्याने अंडं बाजूला ठेवून नुसता पाव लोण्याबरोबर खाल्ला. गावात परेडसाठी रस्ते अडवायला सुरुवात झाली होती, पोरं हिरव्या टोप्या घालून निघाली होती. आम्ही उलट्या दिशेने, तळ्याकडे. निलेश मुलीला परेडला घेऊन जाणार होता, तो आम्हाला डोनलच्या हवाली करून गेला.

तळं तुडुंब भरलेलं, वारा कापत होता, वरून भुरभुर. अण्णा काठावर उभे राहून बराच वेळ बघत होते. त्यांच्या उजनी धरणाचं पाणी याच दिवसांत खाली जायला लागतं, मे महिन्यात तर जुन्या रस्त्यांच्या कडा उघड्या पडतात. "एवढा पाऊस पडतोय तर धरण कशाला बांधलंय?" त्यांनी विचारलं. मी ते डोनलला इंग्रजीत सांगितलं. डोनलने विचार केला आणि म्हणाला की हा प्रश्न त्यालाही लहानपणापासून पडलेला आहे.

मग अण्णांनी डबा उघडला. डोनल दोन पावलं मागे सरकला. "काय आहे हे?"

"फिशिंगसाठी पीठ," मी म्हटलं.

इथे पीठ चालत नाही, गांडूळ चालत नाही. फक्त फ्लाय. म्हणजे पिसं आणि केस बांधून केलेला खोटा किडा, तो लांब दोरीने पाण्यावर फेकायचा. नियमाच्या पाटीवर हे मोठ्या अक्षरात लिहिलं होतं आणि परमिट घेताना मी त्या पाटीशेजारी उभं राहून सेल्फी काढला होता. तुम्ही जाल तेव्हा पाटी वाचा. परमिट दिवसाचं मिळतं, दोन सिनेमांच्या तिकिटांत बसतं, गळाची दांडी डोनलकडे जादा होतीच. मासा ठरावीक मापाचा असेल तर माणशी एक घरी नेता येतो, बाकी परत पाण्यात.

"खोटा किडा दाखवून मासा धरायचा?" अण्णा म्हणाले. "आपण निदान खायला तरी घालतो." पण हातात दांडी आल्यावर गप्प झाले. डोनल त्यांना शिकवत होता, ना याची भाषा त्याला ना त्याची याला, आणि थोड्या वेळाने अण्णांची दोरी बऱ्यापैकी सरळ जायला लागली. डोनल माझ्याकडे वळून म्हणाला, "युवर मॅन इज ग्रँड," म्हणजे तुमचा गडी झकास आहे. माझ्याबद्दल तो काही बोलला नाही. माझा फ्लाय एकदा झाडात आणि दोनदा माझ्याच जॅकेटात अडकला होता. मी निर्धास्त होतो. माझ्यासारखा माणूस सोबत असताना मासा मिळणं अवघड, अण्णा राहणार, असा माझा हिशोब.

दुपार झाली. अण्णांना काही लागलं नाही, डोनललाही नाही. मी दांडी काखेत धरून थर्मासमधला चहा ओतायला लागलो. दोरी तशीच पाण्यात लोंबत होती. तेवढ्यात काखेतून कुणीतरी दांडी ओढली.

पुढचं मला नीट आठवत नाही. चहा सांडला, डोनल पाण्याकडे धावला, मी "अण्णा, धरा, धरा" म्हणत दांडी त्यांच्यापुढे केली. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"ज्याच्या दांडीला लागला त्याचा. दमवा त्याला, घाई करू नका."

मी त्याला दमवलं की त्याने मला, सांगता येत नाही. पण अखेर डोनलने जाळीत उचलला तो चांगला हातभर ट्राउट. नियमाच्या मापात बसणारा. डोनलने खिशातून छोटं दांडकं काढून त्याच्या डोक्यात एकच हाणलं. या दांडक्याला इथे प्रीस्ट, म्हणजे पाद्री, म्हणतात, शेवटचे संस्कार तोच करतो म्हणून. आमच्या पुण्याच्या घरात अंडंसुद्धा गॅलरीत वेगळ्या स्टोव्हवर उकडायचे. मी मान फिरवली.

आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलोय. मासा मिळाला होता. काम झालं होतं. आता कालवण होणार आणि अण्णा तिकीट बदलायला सांगणार. ते संध्याकाळपर्यंत दोरी फेकत राहिले, पण त्यांच्या दांडीला काही लागलं नाही.

उशीर झाला म्हणून निलेशच्या गॅसवर चढवायचा बेत रद्द केला, मासा बर्फात घालून तसेच घरी निघालो. एम नाइनवर अण्णा एकही ब्रेक फेल न करता गप्प बसले होते.

घरी आल्यावर त्यांनी मासा साफ केला, वाटण परतलं, वर काळा मसाला. धुराचा अलार्म दोनदा वाजला. सोमवार म्हणून त्यांनी चव घेतली नाही, नुसता वास घेत मीठ टाकलं. मंजिरी दोन भाकरी जेवली, वाटी पुसून खाल्ली, आणि मग तिने हळूच विचारलं, "मग, तिकीट?"

"कशाचं?" अण्णा म्हणाले. "ह्यो तर जावयाचा मासा. सासरचा. सासरच्या माशानं पोट भरतं, डोहाळं पुरं होत न्हाईत. माझा राहिला की."

त्यांनी ते इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मला रीत खरीच अशी आहे असं वाटलं. मंजिरी हसली, मग रडली, मग तिने आणखी भाकरी मागितली. मला त्या क्षणी सासऱ्यांचा फार आधार वाटला, हे इथे लिहून ठेवतो.

त्यानंतर एका शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. वारा कमी होता, कडेच्या काटेरी झुडपांना पिवळी फुलं आली होती. डोनलने अण्णांना त्यांच्या जागेवर नेऊन उभं केलं. मी या वेळी दांडी घेतली नाही, फक्त चहा घेतला. दुपारच्या आधीच अण्णांची दोरी ताणली गेली. दांडी वाकली, पाणी फुटलं, माझ्या माशाहून बराच मोठा मासा एकदा वर येऊन गेला. डोनल जाळी घेऊन पलीकडून पळत निघाला.

अण्णांनी मागे वळून बघितलं. डोनल अजून लांब होता. त्यांनी दांडीचं टोक खाली केलं, दोरी सैल सोडली आणि तशीच धरून उभे राहिले. थोड्या वेळाने दांडी सरळ झाली.

"सुटला," ते पाण्याकडे बघत म्हणाले.

"सुटला," मी म्हटलं.

रात्री घरी पोचलो तेव्हा मंजिरी दारातच उभी होती. रिकामा आइस बॉक्स पाहून तिने पिठलं टाकलं. जेवताना अण्णा म्हणाले की हे तळं अवघड आहे, घाई करून भागायचं नाही, अजून चार-दोन वेळा जावं लागेल. तिने त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

सहलीतून घरी काय उरतं, असं वाचक नेहमी विचारतात. गाडीत हिंगाचा वास उरलाय. आणि अण्णा राहिलेत.