आण्णांच्या भिंतीवरचा पडदा

सव्वा महिना झाला. सकाळी आण्णांच्या लेकीचा, सुनंदाचा, फोन आला. "काका, आण्णा गेलं." आदल्याच संध्याकाळी आम्ही दोघं चहात साखर किती यावरून भांडलो होतो, त्यामुळे मला आधी त्यांचा रागच आला. भांडण अर्धवट टाकून जायचा त्यांचा स्वभाव नव्हता...

आण्णा सिनेमाची बॅनर रंगवायचे. पुढे छापील फ्लेक्स आले, काम सुटलं आणि घरबसल्या सिनेमा बघायला त्यांनी जुना प्रोजेक्टर घेतला. जन्मभर ब्रश चालवलेल्या माणसानं पडदा विकत आणायचा म्हणजे नामुष्कीच. तो सोप्यातल्या भिंतीवर रंगवायचा ठरला, मध्ये पांढरा आणि भोवती काळी चौकट. प्रश्न आकाराचा होता. आण्णांना जुन्या टीव्हीसारखा, चारास तीन हवा होता. मी शाळेत गणित शिकवलेलं. जग आता सोळास नऊ झालंय, हे त्यांच्याच भिंतीवर खडूनं सिद्ध करून दाखवलं. आण्णांनी माझं ऐकलं. आयुष्यात एकदाच.

पहिला खेळ सुनंदाच्या लग्नाच्या कॅसेटचा. तिची आई, आमच्या वहिनी, त्या लग्नानंतर वर्षभरातच गेल्या होत्या. हलत्याबोलत्या अशा त्या एवढ्या कॅसेटमध्येच उरल्या होत्या. सगळी गल्ली जमली. चित्र रुंद पडद्यावर ताणलं गेलं आणि नवरदेवापासून भटजींपर्यंत सगळे तालमीतून उठून आल्यासारखे दिसायला लागले. लोक हसून लोळले. तेवढ्यात काडीसारख्या वहिनी अक्षता वाटत आल्या, त्याही पैलवान. आण्णा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, ही कोण?"

मी घाईघाईनं ताण काढून चित्र मोठं केलं. पडदा भरला, पण वहिनींचं डोकंच छाटलं गेलं. शेवटी मूळ आकार लावला; वहिनी बारीक झाल्या, पण दोन्ही अंगांना पांढरी भिंत रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर आण्णांनी त्या दोन्ही पट्ट्या काळ्याभोर करून टाकलेल्या. पडदा चारास तीन. त्यानंतर क्रिकेट असो की नवा सिनेमा, चित्र लहानच दिसायचं. गल्लीतले वैतागायचे, "आण्णा, पडदा रुंद करा की." आण्णांचं उत्तर ठरलेलं, "माझी बायको बारीक हाय. बारीकच ऱ्हाणार." माझ्या गणिताची अशी शोभा दुसऱ्या कुणी केली नाही. तरी मला त्या माणसाचं कौतुकच वाटायचं, आणि आता त्यांच्यावाचून करमत नाही.

परवा पेठ वडगावला सुनंदाकडे गेलो होतो. तिच्या घरी नवा रुंद टीव्ही आलाय. जेवणं झाल्यावर तिनं लग्नाची तीच कॅसेट, आता सीडीवर उतरवलेली, लावली. वहिनी पुन्हा पैलवान. जावई म्हणाले, "असू दे की, टीव्ही भरून दिसतंय." सुनंदानं रिमोट उचलला आणि एकेक बटण दाबत उभी राहिली... आई बारीक होईपर्यंत ती खाली बसली नाही.