काजल कोणाच्या हातचं जेवते

पवनारच्या जयाला जया या नावानं हाक मारणारं आता एक माहेरच उरलं होतं, तळेगावचं. सासरी ती काजलची आई, आणि वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात तर शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांसाठीच काजलची आई. या नावाचा तिला तोरा होता, आणि का नसावा? लग्न होऊन आली तेव्हा कंडक्टरकडे तिकीट मागतानाही तिचा आवाज फुटत नसे. मग काजल झाली. जन्मल्यावर लवकर रडली नाही, पुढे मान धरेना, झटके यायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं की जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली आहे, पोरगी चालणार-बोलणार नाही, पण नीट सांभाळली तर हसेल, माणसं ओळखेल. त्यानंतर जयानं तो दवाखाना पालथा घातला. झटक्यांचे डॉक्टर वेगळे, हातापायांच्या व्यायामाची खोली वेगळी, डोळ्यांचे वेगळे, वजन आणि आहार बघणाऱ्या मॅडम वेगळ्या. कोणत्या वारी कोण बसतं हे तिला तोंडपाठ. नव्यानं येणाऱ्या बिचाऱ्या आया तिलाच विचारत, आणि ती खिडकीवरच्या बाईपेक्षा नीट सांगे. दहावी नापास बाईला असा मान दुसरीकडे कुठे मिळणार होता?

पण या सगळ्याहून मोठा मान घरातला होता. काजल फक्त आईच्या हातचं जेवते, हे घरामागच्या भाजीच्या वाडीपासून बाजारापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. सासूनं, रुख्माबाईनं, हजारदा चमचा पुढे केला, पोरीनं दात आवळले. बाप कैलास सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या आणि वांग्यांच्या टोपल्या वर्ध्याला टाकून यायचा आणि हौसेनं भरवायला बसायचा, तर पोरगी तोंड फिरवायची. जया आली की दोन मिनिटांत वाटी रिकामी. लोक म्हणत, मायलेकराचं असं असते. जयाही मान हलवी. खरं काय ते तिचं तिलाच ठाऊक होतं. व्यायामाच्या खोलीतल्या ताईंनी फार वर्षांपूर्वी तिला दाखवलं होतं, की हनुवटीखाली बोट कसं ठेवायचं, चमचा जिभेवर कसा टेकवायचा, आणि मग घाई न करता थांबायचं. घरातल्या सगळ्यांना शिकवा, असं त्या बजावून बोलल्या होत्या. जयानं एकालाही शिकवलं नाही. विसरली म्हणू नका. ती विसरणाऱ्यातली नव्हती.

काजल अंगानं वाढली आणि जयाची कंबर गेली. एका सकाळी पोरीला न्हाणीतून उचलताना जी कळ आली, ती तिला खाटेवरच घेऊन गेली. मणक्यातली गादी सरकली होती. डॉक्टरांनी कमरेचा पट्टा दिला आणि पोरीला उचलायचं तर सोडाच, बसून भरवायचंही नाही, असं सांगितलं. त्याच खेपेला आहारवाल्या मॅडमनी काजलला काट्यावर धरलं, तर वजन उतरलेलं. त्या म्हणाल्या, पुढच्या खेपेपर्यंत असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी टाकून दूध-पेज द्यावी लागेल.

आता काजलचं सगळं बघायचं ते धाकट्या जावेनं, वर्षालीनं. आणि जयाला वर्षाली पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होती. कारण उघड होतं. वर्षालीचा पोरगा सायकल हाणत शाळेत जायचा, भांडण करून यायचा, आजीला उलट बोलायचा. त्यानं उलट बोललेलंसुद्धा जयाच्या जिवाला चटका लावून जाई. आपली पोरगी एकदा तरी उलट बोलली असती! एवढं असूनही जया आजवर तग धरून होती, कारण काजलच्या बाबतीत तिला जोड नव्हती. आता तेही राज्य खालसा होऊ घातलं होतं. दवाखान्याची पिशवी वर्षालीच्या खांद्यावर गेली, औषधाच्या बाटल्या तिच्या फळीवर गेल्या. देवानं धडधाकट पोरगा दिलाय, तरी हिला माझी पोरगी पण पाहिजे, असं जया खाटेवर पडून मनातल्या मनात म्हणायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

जेवणाच्या वेळी मात्र तिला थंडावा मिळे. वर्षाली घोटलेल्या वरणभाताची वाटी घेऊन काजलसमोर बसे आणि काजल दात आवळून घेई. वर्षाली लाडीगोडी लावी, गाणं म्हणे, चमचा पाखरासारखा फिरवी. काही उपयोग नाही. शेवटी ती पोरीची चाकाची खुर्ची खाटेजवळ ओढून आणी, आणि जया कुशीवर वळून, पदराआड बोट धरून, चार घास भरवी. तेवढ्यानंच तिच्या कमरेत कळ उठायची. उरलेली वाटी घेऊन वर्षाली म्हणे की थोड्या वेळानं बघू, आणि पोरीला वाडीकडे सावलीत घेऊन जाई.

चार घासांवर पोरगी जगणार नाही, हे जयाला कळत होतं. रात्रंदिवस तिला ती नाकातली नळी दिसे. बोटाची गोष्ट सांगून टाकावी, असं तिच्या ओठांवर येई. पण वर्षाली हरल्या चेहऱ्यानं वाटी उचलून निघाली, की जयाच्या आत काहीतरी गोड वाटे. त्या गोडव्याची तिला स्वतःला लाज वाटे, आणि तरी ती गप्प राही. पोरगी उपाशी राहू नये आणि वर्षालीच्या हातचं जेवूही नये, अशा दोन्ही गोष्टी तिला एकदमच हव्या होत्या.

तपासणीचा वार आला. कैलास बाजारात गेला होता, म्हणून ओळखीच्या ऑटोत दोघी जावा आणि काजल निघाल्या. जयानं पट्टा करकचून बांधला होता. घरच्यांनी नको म्हटलं तरी ती हट्टानं निघाली होती. आपल्यामागं डॉक्टरांसमोर वर्षाली काजलची आई होऊन बसेल, हे तिला सोसवणार नव्हतं.

दवाखान्यात रांग मोठी होती. खिडकीवरच्या नव्या बाईनं पिशवीवाल्या वर्षालीकडे बघून विचारलं, काजलची आई का? वर्षालीनं लगेच जयाकडे बोट दाखवलं. पण बाण लागायचा तिथे लागला होता. जया बाकावर भिंतीला टेकून बसली. थोड्या वेळानं वर्षाली म्हणाली की पोरगी कंटाळली आहे, तिला जरा झाडाखाली फिरवून आणू. तिनं खुर्ची ढकलत नेली, आणि पिशवीतला डबाही नेला.

डबा कशाला? जयाच्या मनात पाल चुकचुकली. ती भिंत धरून उठली, आणि एकेका खांबाला हात लावत मागच्या अंगणाकडे गेली.

कडुनिंबाखालच्या ओट्यावर वर्षाली बसली होती. तिनं डब्यातला एक घास आधी आपल्या तोंडात घातला आणि काजलच्या अगदी तोंडासमोर, मचमच आवाज करत, मजेत चावला. काजल टक लावून बघत होती. मग तिनं आपणहून तोंड उघडलं. वर्षालीनं त्याच चमच्यानं घास दिला. पुन्हा एक आपल्याला, एक पोरीला. बोट नाही, हनुवटी नाही, काही नाही. आणि मधेच काजल खळखळून हसली, तर घास सांडला, आणि वर्षालीही हसली.

जयाला वाटलं, कोणीतरी काळीज चिमटीत धरून पिळलं. तिनं पोरीला आजवर कोणाचं उष्टं लागू दिलं नव्हतं. स्वतःचंही नाही. चमचे उकळून घ्यायची ती. आणि पोरीला पाहिजे होती एक जेवणारी सोबत! वर्षानुवर्षं जपून ठेवलेल्या किल्लीवाचूनच या बयेनं कुलूप उघडलं होतं.

वर्षालीचं लक्ष गेलं, तशी ती चमचा हातात घेऊनच उभी राहिली.

“कधीपासून चालू हाय हे?” जयानं विचारलं.

“तुमी खाटेवर पडल्या, त्याच्या दुसऱ्याच हप्त्यापासून.”

“अन् घरात माह्यासमोर ते नाटक काऊन?”

वर्षालीनं आधी काजलचं तोंड पुसलं. मग खाली बघून बोलली, “ताई, दुखण्यानं तुमी आधीच अर्ध्या झाल्या. पोरगी माह्या हातचं खाते हे दिसलं असतं, तं उरलेल्या अर्ध्याही राह्यल्या नसत्या. तुमच्यासमोर मी मुद्दाम घास खात नाई. मंग पोरगी माह्यापुढं तोंड उघडत नाई, अन् तुमच्या हातचे चार घास खाते. तुमाले बरं वाटते.”

रागवायला जागा असती तर जयाला सोपं गेलं असतं. आपण पोरीला उपाशी ठेवून गप्प बसलो, आणि हिनं तिला पोटभर जेवू घालून वर आपला मानही राखला. म्हणजे भलेपणातही हीच पुढे! जयाला वर्षालीचा इतका हेवा आजवर कधी वाटला नव्हता. तिच्या सायकलवाल्या पोराचाही नाही.

तेवढ्यात आतून काजलचं नाव पुकारलं.

मॅडमनी काजलला काट्यावर घेतलं. वजन वाढलं होतं. त्यांनी मागचा आकडा पुन्हा बघितला आणि डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर खूश झाले. नळीची आता गरज नाही, म्हणाले, आणि नेहमीसारखे जयाकडे वळले. एवढ्या कमरेच्या दुखण्यात हे कसं जमवलं, भरवतं कोण, असं त्यांनी कौतुकानं विचारलं.

“ताईच भरवते,” वर्षाली पटकन बोलली.

डॉक्टर जयाकडे बघून हसले. ते हसू ठेवून घ्यायला काहीच लागत नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तर जया तरबेज होती. तिनं काजलकडे पाहिलं. पोरीचे गाल खरोखरच भरले होते. खाटेवरून रोज बघूनही हे आपल्याला दिसलं नव्हतं.

“मी नाई भरवत,” जया म्हणाली. “तिची काकू भरवते.”

डॉक्टरांनी आपली खुर्ची वर्षालीकडे वळवली. आता ते तिच्याशी बोलू लागले. झटक्यांच्या औषधाचं माप वजनाप्रमाणे वाढवायचं, किती ते तिला सांगितलं. घास हसताना द्यायचा नाही, ठसका लागतो, हेही तिलाच. जयाकडे त्यांची पाठ नव्हती, पण तोंडही नव्हतं. याच गोष्टीला ती भीत आली होती, आणि ती अशी भर दुपारी, चांगल्या उजेडात घडत होती. तिचा जीव जळत होता. मग डॉक्टरांनी विचारलं की झटका येण्याआधी पोरीत काही फरक दिसतो का, आणि औषध थुंकून टाकते तेव्हा काय करता. वर्षालीला ते माहीत नव्हतं. ती जयाकडे बघू लागली.

जया सांगू लागली, पण डॉक्टरांना नाही, वर्षालीला. झटक्याआधी पोरगी एकाएकी गप्प होते आणि डावा अंगठा मुठीत घेते. औषध गालाच्या आतून सोडायचं, जिभेवर नाही. आणि अंगात ताप असला की तुला खाताना बघूनही तोंड उघडणार नाही, तेव्हा हनुवटीखाली बोट ठेवायचं, असं. तिनं वर्षालीचा हात ओढून तिचं बोट काजलच्या हनुवटीखाली नेऊन ठेवलं. एकेक गोष्ट सांगताना तिला आपल्या गाठीचं एकेक काढून दिल्यासारखं होत होतं, आणि दिलेलं परत मिळणार नाही हे तिला कळत होतं.

“अजून हाय,” ती म्हणाली. “नीट ध्यानात ठेवजो.”