आनंदीबाईंच्या मागची ओळ

कटंगीजवळच्या गावात आनंदीबाईंचा शब्द चालतो, तो चिखलात. धानाच्या रोवणीला अकरा बाया त्याच जमवतात आणि ओळीच्या टोकाला उभ्या राहतात. रोप पुढ्यात खोचायचं, पाऊल मागे टाकायचं. त्या सरकल्या की ओळ सरकते. बत्तीस वर्षं हेच.

बालाघाटला मी हालचालींच्या नाटकाचं शिबिर घेतलं, तिथे त्या एकाच हट्टानं आल्या. "मले एकटीनं काही करून पाहाचं हाये. फक्त माहं." त्या निघाल्या म्हणून अकराजणीही निघाल्या.

मी म्हटलं, "पावलं ठरलेली नाहीत. मनात येईल तसं हला."

आनंदीबाई हलल्या. मागे. अकराजणीही मागे.

"माह्या संगं काहून येऊन राह्यल्या वं?"

"तूच तं ओळ धरतं नं, मामी," त्यांची भाचेसून दीपिका म्हणाली.

"हे काय वावर हाये?"

"मंग तू काहून उलटी चालून राह्यली?"

हशा पिकला. आनंदीबाई कोपऱ्यात गेल्या, ओळ कोपऱ्यात. वैतागून खाली बसल्या, तर सगळ्या बसल्या. शेवंताबाईंनी तर सुट्टी झाली समजून सुपारी काढली.

तिसऱ्या दिवशी त्या कडाडल्या, "आज कोनी उठाचं नाही! बिलकुल नाही!"

सभागृहाच्या मधोमध त्या एकट्या. कंबर आपोआप वाकली, उजवा अंगठा फरशीत रोप दाबू लागला. त्यांनी हात झटकले. पुन्हा तेच.

"हात दुसरं काही करूनच नाही राह्यला. सांग नं, पोरी!"

माझ्या मनात चार हालचाली आल्या. दिल्या असत्या, तर त्या माझ्याच राहिल्या असत्या. "मी नाही सांगणार."

"मंग कायची मास्तरीन तू!"

संतापून मागे सरकता सरकता त्यांची पाठ भिंतीला लागली. आता मागे जागाच नव्हती. त्या गर्रकन वळल्या आणि भिंतीवर तळहात हाणला. थाड! पुन्हा, थाड! दम लागला, डोळे चमकले. "हौ. हे माहं."

थाड! अकरा तळहात फरशीवर पडले.

"हे घेऊ नका नं वं कोनी!" त्यांचा आवाज फाटला.

"बढिया होतं, मामी. म्हणून घेतलं."

आनंदीबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे बघत अकराजणीही उठल्या आणि तशाच भिंतीला टेकल्या.